लेझरवर कोरलेल्या वस्तूंचा घरगुती व्यवसाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, घर किंवा निवृत्ती सांभाळून लेझर मशीनवर नेमप्लेट, किचेन, वाणाच्या वस्तू, मखरं करून विकावीत असं ज्यांच्या मनात आहे, त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात आणि त्यातले निम्मे मशीनबद्दल असतात. मशीन हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग. पैसे टाकले की मिळतं, आणि शेजारच्यालाही तेच मिळतं. घाम निघतो तो मराठी नाव नीट कापताना, आपल्या वेळेची किंमत लावताना आणि जुलैत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, सांभाळताना. उत्तरं त्याच हिशोबाने लहानमोठी आहेत.

आधी मशीन घ्यायचं की आधी गिऱ्हाईक शोधायचं?

गिऱ्हाईक. बहुतेक शहरांत आता लेझर कटिंगचं जॉबवर्क करणारे आहेत. साइनबोर्ड किंवा ट्रॉफीच्या दुकानात विचारलंत तरी पत्ता लागतो. फाइल तुमची, मशीन त्यांचं, पैसे मिनिटावर किंवा नगावर. पहिल्या काही ऑर्डरी अशाच बाहेरून कापून घ्या आणि रंग, जोडणी, पॅकिंग घरी करा. नफा कमी राहील, पण आपल्याला नक्की काय विकता येतं आणि फाइल बनवायचं काम जमतं का, हे मशीनचा हप्ता डोक्यावर नसताना कळेल.

हात साफ करायचा असेल तर एखाद्या फॅब लॅबची, म्हणजे अशी मशीन शिकायला आणि वापरायला देणाऱ्या कार्यशाळेची, चौकशी करा. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर उभी राहिलेली ती जगातली पहिली.

डायोड, सीओटू, फायबर. यातलं माझ्यासाठी कोणतं?

डायोड लेझर निळ्या प्रकाशाचा असतो, तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर. मशीन टेबलावर मावतं, स्वस्त असतं. लाकूड, एमडीएफ, बांबू, चामडं, रंगीत ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम यांवर उत्तम कोरतं. पातळ प्लाय, एमडीएफ कापतंही. मात्र पारदर्शक ॲक्रिलिक त्याला दिसतच नाही, निळा प्रकाश आरपार निघून जातो.

सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर, तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा ॲक्रिलिक लोण्यासारखं कापतो, कडा चकचकीत निघते. काच, दगडावर कोरतो, लाकूडही चालतं. पण काचेची नळी झिजते, ती थंड ठेवायला पाण्याची सोय लागते आणि आरसे अधूनमधून रांगेत आणावे लागतात. हा लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शोधला सी. कुमार एन. पटेल यांनी. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजात! नेमप्लेट विकताना गिऱ्हाइकाला ऐकवायला चांगली गोष्ट आहे.

फायबर लेझर, १,०६४ नॅनोमीटर, मुख्यतः धातूसाठी. स्टीलचे डबे, पितळी तांब्या, पेन, दागिने यांवर नावं टाकायची असतील तरच. लाकडाला त्याचा उपयोग नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने लाकूड आणि एमडीएफ धरावं आणि डायोड घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ॲक्रिलिकच्या ऑर्डरी वारंवार यायला लागल्या की सीओटूचा विचार करा.

जाहिरातीत '८० वॅट' लिहिलंय. खरं का?

डायोडच्या बाबतीत बऱ्याचदा तो आकडा मशीन वीज किती खातं याचा असतो. तुम्हाला हवी ती 'ऑप्टिकल पॉवर', म्हणजे प्रत्यक्ष किरणाची शक्ती. ५ वॅटवर कोरकाम होतं, ३ मिमीचं कापकाम सुखाने करायचं तर १० वॅट तरी असावेत, आणि २० असतील तर वेळ वाचतो. विक्रेता ऑप्टिकल आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल तर पुढे जा.

कोणत्या वस्तू मशीनखाली अजिबात घालायच्या नाहीत?

पीव्हीसी असलेली कुठलीही वस्तू. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. तो फुप्फुसं खातो आणि मशीनचे रेल, बेअरिंग महिन्याभरात गंजवतो. अडचण अशी की पीव्हीसी आपल्याकडे पीव्हीसी या नावाने येत नाही. सनबोर्ड म्हणून मिळणारा पांढरा बोर्ड बहुतेक वेळा पीव्हीसी फोम असतो. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. बाजारातली 'लेदर' डायरी, पाकीट, किचेनची पट्टी यांतली किती खऱ्या चामड्याची असतात ते तुम्हीच बघा.

ओळखायचा जुना उपाय आहे. तांब्याची तार गॅसवर लाल करून त्या वस्तूच्या कोपऱ्याला टेकवायची आणि तार पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, वस्तू परत. हे खिडकी उघडून, लांबून करा.

प्लास्टिकच्या इतर प्रकारांत पॉलीकार्बोनेट पिवळं पडतं आणि पेटतं. एबीएस वितळून चिकटतं. क्रोम टॅनिंग केलेलं चामडंही टाळा. व्हेजिटेबल टॅन्ड, म्हणजे झाडाच्या सालीपाल्याने कमावलेलं, मागा. दारं-खिडक्यांसाठीचा वॉटरप्रूफ प्लाय विषारी नाही म्हणून लोक घेतात, पण त्यातला फिनॉलिक गोंद लेझरला दाद देत नाही. वर चांगला कापला जातो, मध्ये कुठेतरी अडतो. साधा एमडीएफ किंवा बर्च प्लाय घ्या.

ॲक्रिलिक घेताना 'कास्ट' मागा. त्यावर कोरलेलं पांढरंशुभ्र उठतं. एक्स्ट्रूडेडवर नुसता ओरखडा दिसतो.

फ्लॅटमध्ये चालेल का?

चालेल, पण धूर बाहेर काढायची सोय झाल्यावर. एमडीएफ कापताना येणारा वास नुसता लाकडाचा नसतो. त्यातल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं. मशीनला झाकण, त्याला एक्झॉस्ट पंखा, पंख्याला पाइप आणि पाइप खिडकीबाहेर. हा पाइप शेजाऱ्यांच्या गॅलरीकडे वळला की सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय तुमचाच. मोकळ्या बाजूला तोंड करा आणि रात्री कापकाम करू नका.

आग हा खरा धोका. लेझर चालू असताना खोलीतून हलायचं नाही, कुकरची शिट्टी मोजायलाही नाही. शेजारी आग विझवायचा छोटा सिलिंडर, कार्बन डायऑक्साइडचा असेल तर उत्तम, म्हणजे मशीनमध्ये पावडर जात नाही. कापताना एअर असिस्ट, म्हणजे हवेचा झोत, चालू ठेवला तर ज्वाळा उठत नाही आणि कडाही काळ्या पडत नाहीत.

लेझरपासून डोळे वाचवायच्या चष्म्यावर तरंगलांबी आणि 'ओडी'चा, म्हणजे प्रकाश किती अडवतो त्याचा, आकडा छापलेला हवा. डायोडचा चष्मा सीओटूला आणि सीओटूचा डायोडला चालत नाही. मशीनसोबत फुकट आलेल्या चष्म्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो खेळणं समजा.

सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं का?

सुरुवातीला नाही. डिझाइनसाठी इंकस्केप, डायोड मशीन चालवायला लेझरजीआरबीएल, दोन्ही मोफत. रोजचं काम सुरू झालं की लाइटबर्न घ्या, पैसे वसूल होतात.

मराठी अक्षरं तुटतात, टिंबं पडतात. काय करू?

सगळ्यात जास्त माल इथे वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

शिरोरेषा हा आपल्या लिपीचा मोठा फायदा. रोमन अक्षरांतलं नाव एकसंध कापायचं तर अक्षरं एकमेकांना भिडवत बसावी लागतात. 'पाटील' मात्र शिरोरेषेला आपोआप लटकून येतं. पण फाइलमध्ये प्रत्येक अक्षर हा वेगळा आकार असतो आणि तो शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेला असतो. फाइल तशीच मशीनला दिली की लेझर त्या चढलेल्या कडाही कापतो, आणि हातात प, काना, ट असे सुटे तुकडे येतात. म्हणून इंकस्केपमध्ये मजकुराला आधी 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या, ग्रुप सोडवा, सगळं निवडून 'युनियन' करा. लाइटबर्नमध्ये हेच काम 'वेल्ड' करतं. बाह्यरेषा दाखवणारा मोड लावून शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळी दिसते का ते बघा. मध्ये उभी रेघ दिसली तर तिथे तुकडा पडणार.

आता टिंबं. 'सावंत'मधला अनुस्वार, 'ॐ'वरचा चंद्रबिंदू हे सुटेच असतात. अनुस्वार शिरोरेषेत थोडा रुतेल इतका खाली ओढा किंवा दोन मिमीची बारीक दांडी जोडा. मागे वेगळी पाटी असेल तर टिंब सुटं कापून चिकटवता येतं, मात्र ते कापल्या कापल्या उचलून ठेवा. मशीनखालच्या हनीकोंब जाळीतून खाली गेलेला अनुस्वार परत सापडत नाही. उलट प्रकारात, म्हणजे पाटीतून अक्षरं आरपार कापायची असतील तेव्हा, व, ब, क यांची पोटं गळून पडतात. तिथे पूल, म्हणजे पोटाला पाटीशी जोडणारी बारीक पट्टी, ठेवावा लागतो.

फॉन्ट युनिकोडच वापरा. डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये दिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरायला हरकत नाही. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का बघा. हिंदी वळणाचा ल दारावर लागला की घरातल्या आजोबांना पहिल्या दिवशी खटकतो. 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' टाइप करून पाहा. ऱ्ह धड उमटत नसेल तर तो फॉन्ट बाद.

आणि नाव देवनागरीतच मागवा. व्हॉट्सॲपवर लोक इंग्रजी अक्षरांत पाठवतात, त्यावरून काळे की काले, दळवी की दलवी हे ठरवता येत नाही. कुलकर्णी आणि कुळकर्णी यांत तर ज्याचं त्याचं ठाम मत असतं. तयार डिझाइनचा फोटो पाठवून 'बरोबर आहे' असं लेखी उत्तर आल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

खपतं काय?

ज्यावर नाव आहे ते. नुसता सुंदर नक्षीचा कोस्टर परक्या देशातून येणाऱ्या घाऊक मालाशी स्पर्धा करतो. 'अन्वी'चं बारसं लिहिलेली पाटी कुणाशीच करत नाही.

वर्षाचं गणित साधारण असं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचं वाण: छोट्या वस्तू, एकाच घरातून पन्नास-शंभर नग. पाडव्याला छोट्या गुढ्या. तुळशीच्या लग्नानंतर रुखवत, मुहूर्ताच्या पाट्या, मुंजीच्या भेटवस्तू. मे-जूनपासून मखरांची चौकशी, आणि ती ऑर्डर गणपतीच्या आधी महिनाभर बंद करायची. राज्यात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि एमडीएफच्या घडीच्या मखरांना दिवस आले. गणपतीनंतर लगेच आकाशकंदील. बाकी वर्षभर नेमप्लेट आणि मंडळांची, क्रिकेट स्पर्धांची सन्मानचिन्हं. मंडळांकडून आगाऊ पैसे घ्या. का ते सांगायची गरज नाही.

पोळपाटावर नाव कोरून मागतात. मागच्या बाजूला कोरा. पुढे कोरलं तर खाचेत कणीक अडकते.

राजमुद्रा, अशोकस्तंभ, कार्टूनची पात्रं चालतील का?

शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा खूप मागितली जाते. करा, पण शुद्ध करा: 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥'. नेटवरून उचललेल्या फाइलींत 'र्वि'चा रफार गायब असतो, 'सूनोः'चा ऊकार ऱ्हस्व असतो. महाराजांची मुद्रा चुकीची कापून विकणं शोभत नाही.

अशोकस्तंभ मात्र नको. स्पर्धा परीक्षा पास झालेल्या मुलाच्या घरचे हौसेने नेमप्लेटवर मागतात, पण राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नम्रपणे नाही म्हणा.

कार्टून पात्रं, आयपीएल संघांचे लोगो, गाड्यांची बोधचिन्हं ही दुसऱ्याची मालमत्ता. सगळे विकतात हे खरं, म्हणून तुम्हाला परवाना मिळत नाही.

किंमत कशी ठरवू?

'एमडीएफ पन्नासचं, पाटी दीडशेला देऊ' हा हिशोब धंदा बुडवतो. समजा बारा बाय आठ इंचांची दोन थरांची नेमप्लेट आहे. एमडीएफ, रंग, गोंद ९० रुपये. पॅकिंग ४०. मशीन अर्धा तास. वीज आणि झीज धरून ताशी ६० लावले तर ३०. आता तुमचा वेळ: चॅटवर बोलणं आणि डिझाइन ४० मिनिटं, घासणं-रंग-जोडणी ५० मिनिटं, म्हणजे दीड तास. ताशी १२० धरले तर १८०. बेरीज ३४०. बिघडणाऱ्या मालासाठी दहा टक्के मिळवा, ३७४. हा तुमचा खर्च झाला, नफा अजून यायचाय. ही पाटी साडेतीनशेला विकणारा स्वतःच्या खिशातून विकतोय.

दीड तासातली चाळीस मिनिटं बोलण्यात गेली हे लक्षात घ्या. फॉन्ट तीनच दाखवा, रंग चारच, आकार दोनच. दुसऱ्या दुरुस्तीनंतर जादा पैसे. गिऱ्हाईक नाराज होत नाही; उलट त्यालाही निवडायला सोपं जातं.

वाणाच्या ऑर्डरीत गणित बदलतं. डिझाइन एकदाच होतं, त्यामुळे नगामागे दर उतरवता येतो. पण मशीनचा वेळ उतरत नाही. चार मिनिटांचा एक नग म्हणजे शंभर नगांना सहा तास चाळीस मिनिटं, आणि तेवढा वेळ तुम्ही मशीनशेजारी बसून.

निम्मे पैसे आगाऊ. नाव कोरलेली वस्तू दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, एवढं एकच कारण पुरेसं आहे.

नोंदणी, जीएसटी?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. गिऱ्हाइकाने आणलेल्या बाटलीवर नाव कोरून दिलंत तर ती सेवा झाली, आणि सेवा आली की मर्यादा २० लाखांवर येते. छंदाच्या धंद्याला दोन्ही आकडे लांबचे आहेत. अडचण दुसरीच आहे: राज्याबाहेर माल विकायला लागलात की उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे, पण व्याख्येनुसार वस्तू मुख्यत्वे हाताने केलेली हवी. लेझरने कापलेली पाटी त्यात बसते असं गृहीत धरू नका, सीएला विचारा. ई-कॉमर्स साइटवरून राज्यातल्या राज्यात विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त नावनोंदणी (एनरोलमेंट) क्रमांक घेऊन विकता येतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, जरूर करा. आधार आणि पॅन लागतं, सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही.

कर्ज हवं असेल तर मुद्रा योजनेचा 'शिशु' गट ५० हजारांपर्यंत आहे. डायोड मशीनला तेवढं पुरतं.

'हॅण्डमेड' म्हणून विकू का?

रंगकाम, जोडणी हाताने केली असेल तर तेवढंच लिहा. वारलीच्या बाबतीत विशेष जपा. वारली चित्रकलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. मशीनने कोरलेल्या त्रिकोणी माणसांना 'अस्सल वारली' म्हणणं म्हणजे डहाणू-तलासरीकडे हाताने काढणाऱ्यांच्या पोटावर पाय.

फोटो नीट उमटत नाही.

बहुतेक वेळा दोष फोटोचा असतो. चेहरा उजेडात, मागे साधी भिंत असा फोटो मागा. पार्श्वभूमी काढून टाका, कॉन्ट्रास्ट वाढवा. २५४ डीपीआय (एका इंचात २५४ ठिपके) ठेवा, म्हणजे दोन ओळींत बरोबर ०.१ मिमी अंतर पडतं. गडद सागवानावर फोटो उठत नाही, फिकट लाकूड घ्या. नव्या शीटवर आधी वेग आणि पॉवरचा चौकटींचा तक्ता कोरून बघा.

पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, प्लाय वाकतो.

शीट उभी टेकवून ठेवू नका. आडवी, वर वजन, खाली प्लास्टिक. तयार वस्तूच्या कापलेल्या कडा सगळ्यात जास्त पाणी पितात, त्यांना सीलर किंवा प्रायमरचे दोन हात हवेत, पहिल्या हातानंतर पॉलिश पेपर मारून. कोकणात किंवा गोव्यात दाराबाहेर लावायची पाटी असेल तर एमडीएफ देऊच नका. ॲक्रिलिक किंवा सागवान सुचवा. कापण्याआधी शीटवर कागदी मास्किंग टेप लावला तर धुराचे डाग पडत नाहीत आणि रंग धरतो.

कुरियरचा खर्च जास्त लागतो.

वजन बघू नका, आकार बघा. बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागतात. ४० बाय ३० बाय १० चा खोका २.४ किलोचा धरला जातो, आत पाव किलोची पाटी असली तरी. चपटे खोके करून घ्या. कोपऱ्यांना जाड पुठ्ठा लावा, कारण एमडीएफ कोपऱ्यावरच फुटतो.

गिऱ्हाइकाची स्वतःची वस्तू घेऊ का? म्हणजे बाटली, घड्याळ वगैरे.

घ्या, पण आधीच सांगा की एकदा कोरलेलं पुसता येत नाही आणि बिघडलं तर कोरण्याचे पैसे परत मिळतील, वस्तूचे नाही. आजीचा पितळी तांब्या असेल तर नकोच.

मशीन बंद पडलं तर?

डायोडमध्ये जास्त करून बेल्ट सैल होतो, भिंग काळवंडतं, पंख्यात राळ साचते. रोज काम संपल्यावर भिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एक जादा भिंग, एक बेल्ट आणि एअर पंपाची नळी घरात ठेवा. विकत घेतानाच सुटे भाग भारतात मिळतात का ते विचारा, आणि शहरातल्या एका जॉबवर्कवाल्याशी ओळख टिकवा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात लेझर मॉड्यूल गेलं तर ते बाहेरून मागवण्यात सण उलटून जातो; तुमच्या फाइली तयार असतील तर तो दोन दिवसांत मखरं कापून देतो.